शेवटचा बॉल कुणाच्या हातात?

‘क्लच’ म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना क्लच प्लेट आठवते. आम्हा दासगावकरांना हायवेवरच्या खिंडीत चढाला लागलेला लोडेड ट्रक आणि त्याचा जळका वास आठवतो. पण आपल्या होस्टेलच्या बास्केटबॉल कोर्टावर हा शब्द तिसऱ्याच अर्थानं वापरतात. मॅच संपायला मिनिटभर उरलंय, एका पॉइंटचा फरक आहे, आणि अशा वेळी ज्याचा हात कापत नाही तो ‘क्लच प्लेयर’. याच्या उलट जो असतो त्याच्यासाठी आपल्या मराठीत जुना आणि चांगलाच निर्दय शब्दप्रयोग आहे: ऐनवेळी कच खातो.

कोण क्लच आणि कोण कच खाणारा, यावर मेसमध्ये जेवढी चर्चा होते तेवढी सबमिशनवरसुद्धा होत नाही. चर्चेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुराव्याला. ‘अरे, सिव्हिलविरुद्ध शेवटचे दोन फ्री थ्रो त्यानंच टाकले ना!’ एवढ्यावर एक जण हीरो होतो, आणि ‘फायनलला दोन्ही फ्री थ्रो घालवले त्यानं’ एवढ्यावर दुसरा बेंचवर जाऊन बसतो. लॅबमध्ये साधी सळई टेस्ट करताना आपण एका रीडिंगवर जर्नल लिहीत नाही (निदान सरांना तसं दाखवत तरी नाही!). मग जिवंत माणसाला एका रीडिंगवर पास-नापास कसं करतो? म्हणून हा लेख. यात थोडं बास्केटबॉल आहे, थोडी कबड्डी आहे, बराचसा सचिन आहे आणि एम-थ्रीच्या वेळी ऑप्शनला टाकलेलं थोडं स्टॅटिस्टिक्स आहे.

आधी हे ठरवू की ‘ऐनवेळ’ म्हणजे नक्की कोणती वेळ. अमेरिकेतल्या एनबीएनं यासाठी एक साधी व्याख्या केली आहे: शेवटची ५ मिनिटं किंवा ओव्हरटाइम, आणि दोन संघांतला फरक ५ पॉइंट किंवा त्याहून कमी. २०२२-२३ च्या मोसमापासून तिथे ‘क्लच प्लेयर’ असं वेगळं बक्षीसही सुरू झालं, पहिलं डीआरन फॉक्सला मिळालं. आता कुणी म्हणेल, ५ च मिनिटं का, ३ का नाहीत? काही हरकत नाही, ३ घ्या. फक्त मॅचच्या आधी ठरवा. मॅच झाल्यावर ‘तो बास्केट पण धरू या, तेव्हाही टेन्शन होतंच की’ असं म्हणायला लागलो तर काय होतं? आधी भिंतीवर दगड मारायचा, मग दगड लागला तिथे खडूनं गोल काढायचा आणि म्हणायचं, बघा काय नेम आहे!

दुसरी गोष्ट छेदाची. आपल्या लक्षात फक्त अंश राहतो. १४ जून १९९८ ला मायकेल जॉर्डननं युटाविरुद्ध ५.२ सेकंद उरलेली असताना टाकलेला बास्केट, ८७-८६ नं जिंकलेली ती फायनल, हे बास्केटबॉल न खेळणाऱ्यालाही माहीत असतं. पण शेवटच्या सेकंदांत किती टाकले आणि त्यातले किती गेले, हा हिशेब कुणी मांडतच नाही. कोबी ब्रायंटच्या बाबतीत (मेसमधल्या भाजीशी संबंध नाही) तो मांडला गेला. त्याच्या काळात एनबीएच्या संघव्यवस्थापकांना दरवर्षी विचारत, शेवटचा शॉट कुणाला द्याल? कितीतरी वर्षं उत्तर एकच यायचं: कोबी. २०११ च्या सुरुवातीला ईएसपीएनच्या एका पत्रकारानं त्याच्या पहिल्या मोसमापासूनचे, म्हणजे १९९६ पासूनचे असे शॉट मोजले. शेवटचे २४ सेकंद, संघ बरोबरीत किंवा एक-दोन पॉइंटनं मागे. एकूण शॉट ११५. गेले ३६. म्हणजे साधारण ३१ टक्के!

३१ टक्के ऐकून बॅक बेंचवरून लगेच आवाज येईल, ‘मग कोबी फुसका!’ थांबा. त्याच परिस्थितीत बाकी लीगचा आकडा ३० टक्क्यांच्याही किंचित खालीच होता. कोबीचा एरवीचा नेम ४५ टक्क्यांच्या जवळपास, तो शेवटी ३१ वर येतो, पण सगळेच खाली येतात. कारण उघड आहे. शेवटच्या वेळी अख्ख्या स्टेडियमला माहीत असतं की बॉल कुणाकडे जाणार. दोन-दोन माणसं अंगावर येतात, घड्याळ संपत आलेलं, मनासारखी जागा मिळत नाही. शॉटच मुळात अवघड असतो. तेव्हा तुलना दोघांशी करायला हवी: त्याची त्याच्या स्वतःच्या एरवीच्या आकड्याशी, आणि बाकीच्यांची त्याच परिस्थितीतल्या आकड्याशी. यातली एकच करून चालत नाही.

आमच्याकडे हे समजावणं सोपं जातं. दासगाव जुनं बंदर, सावित्रीला खाडीचं पाणी वर चढतं. पाहुणा संध्याकाळी धक्क्यावर येतो, पाणी बघतो आणि विचारतो, ‘पूर आला की काय?’ गावातला माणूस आधी भरतीची वेळ बघतो. भरतीला पाणी एवढं असणारच, त्याच्या वर किती आहे ते सांग. शेवटच्या मिनिटातल्या खेळाडूचंही तसंच. आधी भरती वजा करा.

आता कबड्डी. रायगडात राहून कबड्डीशिवाय लेख पुरा केला तर घरी घेणार नाहीत. कबड्डीत तर ऐनवेळ नियमातच लिहिलेली आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी चढाई ‘करा किंवा मरा’ची. गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. एरवी चढाईपटू निदान रेषा ओलांडून, जमत नसेल तर निमूट परत येऊ शकतो. तिसऱ्या चढाईला ती सोय नाही, आणि समोरच्या सातही जणांना ते ठाऊक असतं. ते घाई करत नाहीत. कोपरारक्षक मागे दबा धरून बसतो, याला आत येऊ देतात आणि मग साखळी लागते. त्यामुळे ‘तिसऱ्या चढाईत हा नेहमी सापडतो’ हे वाक्य जवळजवळ कुणाबद्दलही खरं ठरू शकतं.

आमच्या भागातला एक पोरगा होता. उंच, लांब हाताचा, बोनसला तर हमखास. एका फायनलला शेवटच्या तिसऱ्या चढाईत तो मधल्या साखळीत अडकला आणि मंडळाचा कप गेला. एक चढाई! पुढच्या मोसमापासून शेवटची दोन मिनिटं आली की कॅप्टन दुसऱ्याला पाठवायचा. दुसराही सापडायचा, पण त्याला कुणी काही म्हणायचं नाही, कारण त्याच्या कपाळावर शिक्का नव्हता. पारावर बसलेली मंडळी या पोराला बघून एकमेकांना खुणा करायची. दोनेक वर्षांत त्यानं मैदानावर येणंच सोडलं. आता महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, आणि मॅच असली की मुद्दाम नाइट घेतो. त्याला खरंच दडपण यायचं का? एका चढाईवरून ते ना पारावरच्यांना सांगता येईल ना मला.

हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर ज्याच्या बाबतीत झाला तो माणूस म्हणजे सचिन. आपल्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी हे ऐकलंय: ‘सचिन शतक मारतो तेव्हा भारत हरतो’, ‘फायनलला कच खातो’, ‘शेवटपर्यंत उभा राहत नाही’. बोलणारे ठोस दाखलेही देतात. ३१ जानेवारी १९९९, चेन्नई, पाकिस्तानविरुद्ध २७१ चं लक्ष्य. ५ बाद ८२ वरून, दुखऱ्या पाठीनं सचिन १३६ पर्यंत पोचला, आणि १७ धावा हव्या असताना बाद झाला. उरलेल्या तीन विकेटनी मिळून ४ धावांची भर घातली आणि आपण १२ धावांनी हरलो. २००३ च्या वर्ल्ड कप फायनलला पहिल्याच षटकात ४ वर बाद. ५ नोव्हेंबर २००९, हैदराबाद, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५१ चा पाठलाग करताना १७५, आणि हार ३ धावांनी. तीन जखमा, तिन्ही अजून ओल्या.

आता छेद बघू. सचिनची वन-डेतली शतकं ४९. त्यातले ३३ सामने भारतानं जिंकले, १४ हरला, १ टाय, १ अनिर्णित. फक्त धावांचा पाठलाग करतानाची शतकं घेतली तर १७, पैकी १४ वेळा विजय. म्हणजे ‘शतक मारलं की हरतो’ हे वाक्य पहिल्याच मोजणीत बाद! आणि फायनल? वन-डे स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत त्याची सरासरी साधारण ५४.४, शतकं ६. संपूर्ण कारकिर्दीची सरासरी ४४.८३. फायनलला तो एरवीपेक्षा जास्त धावा करत होता. २४ एप्रिल १९९८ ला, आपल्या वाढदिवशी शारजात १३४. मार्च २००८ मध्ये सिडनीत नाबाद ११७ आणि दोनच दिवसांनी ब्रिस्बेनला ९१. २००९ ला कोलंबोत १३८. हे सगळे अंतिम सामने, आणि सगळे जिंकलेले.

इथे सचिनभक्त (मीही त्यातलाच) टेबलावर हात आपटून म्हणणार, ‘झालं सिद्ध, देव क्लच होता!’ पण एम-थ्री इथेच आडवं येतं. फलंदाजाच्या धावा प्रचंड विखुरलेल्या असतात. आज शून्य, परवा शतक. ढोबळमानानं त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन सरासरीएवढंच धरता येतं. फायनलमध्ये सचिन ३४ वेळा बाद झाला. ४४.८३ भागिले ३४ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७.७ ही झाली स्टँडर्ड एरर. फरक आहे साधारण ९.६ चा, म्हणजे सव्वापट. आपण दुप्पट झाल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, तेव्हा हा फरक नुसत्या नशिबानंही पडू शकतो. ‘फायनलला कच खातो’ हे खोटं आहे एवढं म्हणता येतं. ‘फायनलला जास्त चांगला खेळतो’ हे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. बावीस वर्षं खेळलेल्या माणसाचा पुरावा पुरत नाही, आणि आपण गॅदरिंगच्या चार मॅचवर निकाल देतो!

गंमत पुढे आहे. तोच सचिन कसोटीच्या चौथ्या डावात घ्या. सरासरी सुमारे ३७, तर कारकिर्दीची ५३.७८. ४४ वेळा बाद, स्टँडर्ड एरर ८.१, फरक जवळपास १७, म्हणजे दुपटीच्या वर. व्याख्या बदलली आणि फायनलचा वाघ चौथ्या डावात शेळी झाला. पण पुन्हा भरती-ओहोटी! चौथ्या डावात खेळपट्टी फुटलेली असते, चेंडू खाली राहतो, फिरतो, समोर क्षेत्ररक्षकांचा गराडा असतो. ब्रायन लारा, ज्याच्या १९९९ च्या ब्रिजटाऊनच्या नाबाद १५३ ला लोक दडपणाखालची सर्वोत्तम खेळी म्हणतात, त्याची चौथ्या डावातली सरासरी ३५ च्या आसपास आहे. सचिनपेक्षा कमीच. द्रविडची ४१ च्या जरा आत. पाणी सगळ्यांचंच तेवढंच उतरतं. आणि २००८ च्या डिसेंबरात त्याच चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ चा पाठलाग करताना सचिननं नाबाद १०३ करून मॅच जिंकून दिली. पण १९९९ च्या दुखण्याएवढी ती जिंकलेली मॅच गप्पांत येत नाही. हरलेली गोष्ट जास्त वेळा सांगितली जाते, एवढाच त्याचा अर्थ.

एक माणूस मात्र या पाण्याच्या वर दिसतो, आणि तोही आपला मुंबईचा. सुनील गावसकर. चौथ्या डावात सरासरी ५८ च्या वर. १९७६ ला पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ चा यशस्वी पाठलाग करताना १०२, १९७९ ला ओव्हलवर २२१, तेव्हा ४३८ च्या लक्ष्यासमोर भारत ८ बाद ४२९ वर थांबला होता. त्याच्या स्वतःच्या ५१.१२ शी तुलना केली तर फरक फार मोठा नाही, कारण तो चौथ्या डावात बादच मुळी २४ वेळा झालाय. पण सचिन-लारा-द्रविड यांच्या ३५ ते ४१ या पट्ट्याशी तुलना केली तर फरक स्टँडर्ड एररच्या अडीच पटीपर्यंत जातो. माझं मत विचाराल तर गावसकरवर मी पैज लावीन. फक्त एक शंका मनात ठेवून: शेकडो फलंदाजांतून सगळ्यात वरच्यांतला एक निवडला, तर तो वर दिसणारच होता.

ही शंका कळायला नाण्याचा खेळ करा. आज रात्री मेसनंतर एका लॉबीतले बारा जण घ्या, प्रत्येकानं नाणं दहा वेळा उडवायचं. छापा म्हणजे बास्केट. सगळ्यांचा नेम अगदी सारखा, ५० टक्के. दहापैकी सात किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे १७ टक्के. बारा जणांत साधारण दोघे ‘क्लच’ निघतील आणि साधारण दोघे तीन किंवा कमी छाप्यांवर अडकून ‘कच खाणारे’ ठरतील. नाण्याला ना छाती असते ना धडधड! आणि ५० टक्क्यांचा खेळाडू ६० टक्क्यांच्या खेळाडूपासून दोन स्टँडर्ड एररनं वेगळा ओळखायचा तर किमान शंभर शॉट हवेत. शेवटच्या पाच मिनिटांतले शंभर शॉट आपल्यातल्या कुणाच्याही चार वर्षांत (केटी धरून पाच) होत नाहीत.

मग दडपण वगैरे सगळं थोतांड का? अजिबात नाही. हे शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे फ्री थ्रो. बोर्डापासून १५ फूट, समोर कुणी आडवा नाही, पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला शॉट अगदी तोच. भरती-ओहोटीच नाही. काओ, प्राइस आणि स्टोन या तीन अभ्यासकांनी एनबीएतले असे फ्री थ्रो तपासले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. अगदी अटीतटीच्या मॅचच्या शेवटच्या काही सेकंदांत खेळाडू आपल्या नेहमीपेक्षा ५ ते १० टक्के पॉइंटनं कमी पडतात. कोट्यवधी डॉलर घेणारे, दिवसाला शेकडो फ्री थ्रो मारणारे व्यावसायिक खेळाडू! तेव्हा हात कापतो हे खरं आहे. तो जवळजवळ सगळ्यांचाच कापतो. आणि ज्यांचा नेम मुळातच कच्चा, त्यांचा जास्त कापतो, असंही त्यांना दिसलं. ‘कुणाचा कापत नाही’ हे मात्र चार-दोन मॅचमधून ओळखता येत नाही.

आता शेवटी कुणाला उभं करायचं, हे तर ठरवावंच लागतं. कॅप्टन ‘डेटा अपुरा आहे’ म्हणून टाइम-आउट घेऊन बसू शकत नाही. त्यासाठी एक देशी सूत्र देतो. खेळाडूच्या प्रॅक्टिसच्या टक्केवारीला १०० काल्पनिक शॉटचं वजन द्या आणि त्यात ऐनवेळचे खरे शॉट मिसळा. सुरुवातीच्या दोन मंडळींवर लावून बघू. समजा, सिव्हिलविरुद्ध दोन्ही फ्री थ्रो टाकणाऱ्या हीरोचा एरवीचा नेम ५५ टक्के आहे. ५५ अधिक २, भागिले १०२, म्हणजे सुमारे ५६ टक्के. फायनलला दोन्ही घालवणाऱ्याचा एरवीचा नेम ७० टक्के आहे. ७० अधिक ०, भागिले १०२, म्हणजे साडेअडुसष्ट. बेंचवर बसलेला गडी अजूनही बारा-तेरा पॉइंटनं पुढे आहे! १०० हा आकडा मी माझ्या मनानं घेतला, हे खरं. ५० घ्या: हीरो ५६.७, बेंचवाला ६७.३. निकाल बदलत नाही. किती घेतल्यावर बदलतो ते काढून बघा, छान व्यायाम आहे. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना दाखवलंत तर याचं खरं, भारदस्त नावही सांगतील.

सूत्र चालायचं तर एरवीचा नेम माहीत हवा, आणि आपल्याकडे तोच नाही. म्हणून या टर्मपासून एक जाड वही केली आहे. संध्याकाळच्या प्रॅक्टिसला प्रत्येकाचे फ्री थ्रो, किती मारले आणि किती गेले. मॅचला वेगळं पान: शेवटची ५ मिनिटं आणि फरक ५ च्या आत असेल तेव्हाचा प्रत्येक शॉट, कुणी टाकला, कुठून टाकला, अंगावर किती जण होते. गेलेला आणि हुकलेला, दोन्ही. हुकलेला लिहिताना टाकणाऱ्याकडे बघून हसायचं नाही, एवढी एकच अट. कबड्डीवाल्यांनी हवं तर उलट्या बाजूनं तिसऱ्या चढायांसाठी पानं आखून घ्यावीत. वही जिमखान्यात कॅरमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. पेन ज्यानं त्यानं आपलं आणायचं, दोऱ्यानं बांधून ठेवलेलं पेन दुसऱ्याच दिवशी दोऱ्यासकट गेलं.